किरकोळ म्हणजे किती?

प्रश्न : ताई, आमचं दोघांचं मिळून बरं चाललंय असं लोकांना वाटतं. नवऱ्याचा पगार हातात ४८,०००. मी शिकवण्या घेते. त्याचे एखाद्या महिन्यात ८,००० येतात, एखाद्यात २२,०००. घरकर्जाचा हप्ता १६,४००. वैयक्तिक कर्जाचे १,८०,००० अजून बाकी आहेत, १४ टक्क्यांनी, हप्ता ६,१५०, तीन वर्षं राहिली. क्रेडिट कार्डावर ८४,००० थकलेत, त्याचं 'मिनिमम' मी न चुकता भरते. आवर्ती ठेवीत दरमहा ५,००० जातात आणि दीड लाखाची मुदत ठेव आहे ७ टक्क्यांची. ती मोडायची नाही, मुलीसाठी आहे. घरखर्च २७,००० च्या आसपास. एवढं सगळं शिस्तीत करूनही कार्डाची रक्कम हलत नाही. बचत थांबवू की कर्ज आधी फेडू? हिशेबाच्या वहीची पानं सोबत जोडली आहेत.

पानं मिळाली. अक्षर सुरेख आहे आणि वही खरी आहे, हे आधी सांगते. खोट्या वहीत बेरजा नेहमी जुळतात. तुमच्या तीन महिन्यांत जुळलेल्या नाहीत आणि तुम्ही त्या तशाच ठेवल्यात.

आता कार्ड. तुमच्या पानावर दर महिना ३ टक्के असं लिहिलंय. ८४,००० वर महिन्याचं व्याज झालं २,५२०. ते धरून ८६,५२०. त्याचे ५ टक्के, म्हणजे ४,३२६ तुम्ही भरलेत. त्यातलं मुद्दलाकडे गेलं १,८०६. असंच वर्षभर भरत राहिलात, कार्डावर नवीन एक पैसाही खर्च केला नाही, तरी वर्षात सुमारे ४६,२०० भराल आणि बाकी राहील ६४,७००. जवळजवळ २७,००० नुसत्या व्याजात. 'न चुकता भरते' हे तुम्ही अभिमानानं लिहिलंय, पण 'मिनिमम' ही रक्कम तुम्ही थकबाकीदार ठरू नये एवढ्यापुरती असते, कर्ज फिटावं म्हणून नसते. आणि बाकी पुढे ओढली की नव्या खरेदीला मिळणारे बिनव्याजी दिवसही जातात. आज घेतलेल्या वस्तूवर आजपासूनच व्याज.

मुदत ठेव मोडा.

मुलीसाठी आहे, समजलं. पण ती ठेव तिच्यासाठी वर्षाला १०,५०० कमावते आणि तिच्याच घरातलं कार्ड त्याच वर्षात २७,००० खातं. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक एखादा टक्का कापेल. दीड लाखावर वर्षाचे दीड हजार. कार्ड तेवढं तीन आठवड्यांत घेतं. ठेवीवर कर्ज काढायचा पर्याय असतो, ठेवीच्या दरापेक्षा सहसा एक-दोन टक्के जास्त पडतं, आणि ज्यांचा ठेवीत फार जीव अडकलाय त्यांना मी तो सुचवतेही. तुम्हाला नाही सुचवत. तुमच्या वहीत कर्जाचे तीन रकाने आधीच आहेत.

कार्डाचे ८४,००० एकरकमी भरा. पुढच्या महिन्यात शून्याऐवजी हजार-दीड हजाराचं बिल आलं तर घाबरू नका, भांडू नका. बिल निघालं त्या दिवसापासून तुम्ही पैसे भरले त्या दिवसापर्यंतचं ते व्याज असतं. तेही भरा आणि त्याच्या पुढचं बिल कोरं आलंय याची खात्री करा. उरलेल्या ६६,००० च्या मात्र तीन वेगवेगळ्या ठेवी करा. एकच मोठी ठेव असली की पाच हजारांच्या नडीला सगळीच मोडावी लागते.

इथवर कोणीही सांगेल. तुमच्या वहीतलं जे मला खरं टोचलं ते वेगळंच आहे.

मी २८ वर्षं एका पतसंस्थेत कर्जखात्यावर बसले. वही हातात आली की आधी बेरजा बघायच्या नाहीत, 'किरकोळ' बघायचं, ही खोड तिथलीच. तुमच्याकडे एका महिन्यात किरकोळ १,९००, पुढच्या महिन्यात १८,२००, त्यापुढे २,३००, मग एकदम २०,४००. अठरा हजार किरकोळ कसे असतील हो? पानं मागेपुढे करून शोधलं. शाळेची फी वर्षातून दोनदा १६,००० म्हणजे ३२,०००. विम्याचे हप्ते १८,५००. गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ७,५००. घरपट्टी ८,०००. एकूण ६६,०००. हे खर्च दरवर्षी येतात, त्यांच्या तारखासुद्धा ठरलेल्या आहेत, तरी तुमच्या महिन्याच्या पानावर त्यांना जागाच नाही. ते आले की पाहुण्यासारखे येतात आणि कार्डावर मुक्काम करतात.

६६,००० भागिले १२, साडेपाच हजार. आणि तुमची आवर्ती ठेव आहे ५,००० ची! म्हणजे एका हातानं भविष्यासाठी ५,००० बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्या हातानं फी महिना ३ टक्क्यांनी उधार घेऊन भरायची. तुम्ही बचत करत नव्हता असं नाही. ज्या खर्चासाठी करायला हवी होती, त्यासाठी करत नव्हता.

तेव्हा आवर्ती ठेव बंद करा. एक साधं वेगळं बचत खातं उघडा, त्याचं एटीएम कार्ड घेऊच नका, आणि पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी ५,५०० तिकडे आपोआप जातील अशी सूचना बँकेला द्या. फी, विमा, गाडी, घरपट्टी हे सगळं त्या खात्यातूनच. पहिल्या वर्षी खातं भरायच्या आतच एखादी फी येईल, तेव्हा बंद केलेल्या आवर्ती ठेवीत साठलेले पैसे आधी इथे टाका.

शिकवण्यांचं असं करा. वर्षभराची बेरीज तुमच्याच पानांवरून १,६८,००० येते, म्हणजे सरासरी १४,०००. तुम्ही घरात द्यायचे १२,०००. बावीस आले तरी बारा, आठ आले तरी बारा. बाकीचे शिकवणीच्या खात्यात पडून राहतील आणि वाईट महिन्यात तिथूनच येतील. तुमच्या वहीत बावीस हजारांच्या महिन्यातली शिल्लक दिसते ४०० रुपये. वरचे दहा हजार कुठे गेले ते तुम्हालाही आठवणार नाही. कोणालाच आठवत नाही.

आता मांडणी बघा. येणे ६०,०००. जाणे: घरकर्ज १६,४००, वैयक्तिक कर्ज ६,१५०, वर्षाच्या खर्चांचे ५,५००, घरखर्च २७,०००. उरतात ४,९५०. हे आधी त्या ६६,००० मध्ये घालत एक लाखापर्यंत न्या, सात महिने लागतील. एक लाख म्हणजे तुमचे हप्ते आणि घरखर्च धरून दोन महिन्यांची सोय. तीन महिन्यांची असावी असं मलाही वाटतं, पण १४ टक्क्यांचं कर्ज समोर असताना दोनवर थांबा. आठव्या महिन्यापासून ४,९५० वैयक्तिक कर्जावर जास्तीचे भरा. तीन वर्षांचं कर्ज आजपासून २२ महिन्यांत संपेल.

जास्तीचे भरताना नुसते खात्यात सोडू नका. काही ठिकाणी ते पुढचा हप्ता आगाऊ आला म्हणून धरतात आणि व्याज होतं तिथेच राहतं. 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी' असं लेखी द्या आणि पोच घ्या. मुदतीआधी फेडण्याचा आकार किती लागतो, तेही आधी विचारा. काही करारांत एवढा असतो की दरमहा थोडं थोडं भरण्यापेक्षा सहा महिन्यांनी एकदम भरलेलं परवडतं. घरकर्जाला मात्र हात लावू नका. सगळ्यात स्वस्त कर्ज तेच आहे, त्याची पाळी शेवटी.

आणि मुलीची ठेव? ते वैयक्तिक कर्ज संपलं की दरमहा ११,१०० मोकळे होतात. दीड लाख परत उभे करायला चौदा महिनेही लागणार नाहीत. त्या वेळी ठेवीच्या पावतीवर तिचंच नाव घाला. मनातल्या नावाची ठेव अशी कधीतरी मोडावीच लागते.

प्रश्न : दुकानासाठी एक लाख हवेत, तीन वर्षांसाठी. एकजण १० टक्के 'फ्लॅट' म्हणतोय, दुसरीकडे १४ टक्के घटत्या शिल्लकेवर. दहावालं घेऊन टाकू ना?

नको. चौदावालं घ्या.

फ्लॅटमध्ये तीनही वर्षं पूर्ण लाखावर व्याज लावतात. तुम्ही निम्मं मुद्दल फेडलंत तरी व्याज लाखावरच. १०,००० गुणिले तीन, झाले ३०,०००. एकूण १,३०,००० भागिले ३६, हप्ता ३,६११. चौदा टक्क्यांच्या घटत्या शिल्लकेचा हप्ता येतो ३,४१८. दर महिन्याला १९३ कमी, तीन वर्षांत जवळपास सात हजार. तुमचं ते दहा टक्के घटत्या शिल्लकेच्या भाषेत जवळजवळ १८ टक्के होतं. काउंटरवर बसून मी हे किती जणांना समजावलं असेल, तरी 'दहा' हा आकडाच असा गोड आहे की माणूस पुढचं ऐकतच नाही.

दर विचारू नका. हप्ता किती, किती महिने, आणि सुरुवातीला फी म्हणून काय कापणार, एवढं विचारा. हप्ता गुणिले महिने, अधिक फी. दोन्हीकडची मुदत सारखी असेल तर तेवढ्यावर ठरवता येतं.

प्रश्न : मी २६ वर्षांचा आहे, पहिलीच नोकरी. कार्डावर ४०,००० झालेत. आईबाबांना माहीत नाही. हळूहळू फेडेन, पण सांगू का त्यांना? बाबा फार कडक आहेत.

तुला अरेतुरे करते, चालेल ना?

सांग. कारण उपदेशाचं नाही, हिशेबाचं आहे. लपवलेलं कर्ज फेडताना माणूस घरात नेहमीसारखंच वागतो. तेवढेच पैसे देतो, तसंच हॉटेलात नेतो, नाही म्हणायला कारण सापडत नाही. म्हणून फेडायला काही उरत नाही आणि कार्ड पुन्हा बाहेर येतं.

मीही लपवलं होतं. लग्नाला दोन वर्षं झाली होती, शिलाई मशीन हप्त्यावर घेतलं आणि घरी सांगितलं मैत्रिणीचं आहे, ती गावाला गेली म्हणून ठेवलंय. हप्ता महिना ३४०. घरातल्या वहीत तो मी 'किरकोळ' म्हणून लिहायची. दिवसभर लोकांची थकबाकी काढणारी मी, मला वाटलं घरात कोण वही वाचतंय! सासूबाई चौथी शिकलेल्या. सहाव्या महिन्यात कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, "अगं, किरकोळ दर महिन्याला नेमकं तीनशे चाळीसच कसं गं होतं?"

मी काही बोललेच नाही, तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं. पुढच्या पहिल्या तारखेला वहीत लिहिलं, 'मशीन, हप्ता सातवा, ३४०.' रात्री बेरीज करायला बसले तर त्याच ओळीच्या शेवटी त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं, '१०० माझे.' पाच हप्ते त्यांनी तसे दिले. मशीनवर पहिला परकर त्यांचाच शिवून घेतला, आणि शिवण वाकडी आलीय म्हणून उसवायलाही लावला.

तुझे बाबा असंच करतील असं मी म्हणत नाही. ओरडतील कदाचित. पण नुसतं 'कर्ज झालंय' म्हणून सांगू नकोस, त्यानं माणसं लाखाच्या गोष्टी मनात आणतात. कागदावर चार ओळी लिही: बाकी किती, व्याज किती, मी महिन्याला किती भरणार, कधी संपणार. समजा व्याज महिना ३ टक्के आहे आणि तू ७,००० भरलेस, तर सात महिन्यांत फिटतं. ३,००० च भरलेस तर सतरा-अठरा महिने. हे दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेव. जेवणाच्या ताटावर विषय काढू नकोस, सुट्टीच्या दिवशी सकाळी काढ. आणि कार्ड खिशात ठेवून बोलू नकोस, कागदाच्या शेजारी टेबलावर ठेव.