'तुनी काही चूक नही' म्हटल्यावर तो गप्प का झाला?

"ताई, मना पोऱ्या कोनासंगेच बोलस नही." पाचोरा तालुक्यातली एक आई सांगत होती. मुलगा फौजेत. कानबाईच्या सणासाठी सुट्टीवर आला, पण रोट खायला पंगतीला बसलाच नाही. संध्याकाळी शेतरस्त्याने एखादा पिकअप दिवे लावून आला की ओट्यावरून उठून आत जातो. आल्या आल्या एकदाच म्हणाला होता, "तपासणी नाक्यावर माझ्या गोळीने एक साधा माणूस गेला." घरातले सगळे एका सुरात म्हणाले, "तुनी काही चूक नही." तेव्हापासून तोंड बंद.

"आम्ही काय वाईट बोललो?" फौजींच्या घरून हा प्रश्न मला वरचेवर येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आणि लिहायला त्याची परवानगी आहे.)

मुलगा माझ्याकडे आला, पण तिसऱ्या खेपेला बोलला. अंधार, आदल्या दिवशी मिळालेला गाडीबॉम्बचा इशारा, टॉर्च हलवला तरी न थांबणारी गाडी. हवेत गोळी झाडली तर ती आणखी पळाली. आत शस्त्र नव्हतं. टोमॅटोचे क्रेट होते.

आम्ही कागद घेतला. ताशी 60 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळपास 17 मीटर कापते, म्हणजे शंभर मीटरला सहा सेकंद. त्यातच टॉर्च, ओरडणं, इशाऱ्याची गोळी आणि निर्णय. चालकाकडेही तेवढेच सेकंद. त्याला दिसतो एक हलता दिवा, मग गोळीचा आवाज. घाबरलेला माणूस तिथून निसटायला वेग वाढवतो आणि नाक्यावरच्याला तोच हल्ला वाटतो. मी घड्याळ लावून त्याला सहा सेकंद गप्प बसवलं. संपले तेव्हा म्हणाला, "एवढंच?"

मार्च 2005 मध्ये बगदाद विमानतळाच्या रस्त्यावर अमेरिकी सैनिकांनी असाच गोळीबार केला. अपहरणकर्त्यांच्या तावडीतून सुटलेल्या पत्रकार महिलेला घेऊन निघालेला इटलीचा गुप्तचर अधिकारी निकोला कालिपारी त्यात मारला गेला. दोन्ही देशांनी मिळून चौकशी केली, तरी अहवाल निघाले दोन. गाडीच्या वेगावरसुद्धा एकमत झालं नाही. हे मी त्याला सांगितलं.

"म्हणजे मी सुटलो?"

"ते मी ठरवणार नाही."

खरं सांगते, त्या क्षणी 'हो' म्हणायचा मोह मलाही झाला. पण तो स्वतःच पुढे म्हणाला, "काश्मीरात बडगामला 2014 मध्ये फौजेच्या गोळीबारात मारुती गाडीतली दोन पोरं गेली, तेव्हा फौजेने चूक झाली असं जाहीर सांगितलं होतं. कोणीतरी म्हणायला पाहिजे ना, मॅडम."

घरच्यांचं नेमकं इथेच अडलं होतं. भीतीने पछाडलेल्याला 'आता धोका नाही' हे पटवता येतं. या मुलाला भीती नव्हती, अपराध वाटत होता. अमेरिकेत व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना जोनाथन शे या मनोविकारतज्ज्ञाने अशा दुखण्याला 'नैतिक जखम' म्हटलं. अशा माणसाला घाईघाईने निर्दोष ठरवलं की त्याला ऐकू येतं, 'मेलेल्याचा विषय काढू नको.' मग तो विषय काढत नाही, आणि बाकीचंही बोलत नाही.

जीव देण्याचे विचार येतात का, हेही मी सरळ विचारलं. विचारल्याने ते सुचत नाहीत, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावं. रात्री-अपरात्री 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर बोलता येतं. सैन्यदलांसाठी पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात, त्यांचा वेगळा कक्ष डिसेंबर 2023 पासून आहे. त्याने नंबर फोनमध्ये घातला.

आईला म्हटलं, तो बोलेल तेव्हा निकाल देऊ नका, बसा. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. रात्री ओट्यावर तो त्या माणसाबद्दल तासभर बोलला होता.

"तुम्ही काय म्हणालात?"

"काही नही. इचारं, त्याना घर कोन कोन शे."

"मग?"

"त्याले माहीत नही. रडना."