लॉनचा विषय नंतर काढ

घरोघरी जाऊन लोकांना कमी पाण्याची बाग सुचवणार आहेस ना? मग घरी गेल्या गेल्या ‘लॉन काढा’ म्हणू नकोस, माणसं दारातूनच वाटेला लावतात. आधी त्या घरातल्या काकूंच्या एका वाफ्यात २-३ इंच पालापाचोळा पसर. चार दिवसांनी तो बाजूला सारून त्यांनाच मातीत बोट घालायला सांग. ओल हाताला लागली की पुढचं बोलणं सोपं जातं. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे पाण्याची किंमत कुणाला शिकवायला लागत नाही.

झाडावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) दिसला की लोक लगेच औषध फवारतात. तिथे निंबोळी अर्क सुचव: लिटरला ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या रात्रभर भिजवायच्या, गाळून संध्याकाळी फवारायचं. लॉनऐवजी कमी पाण्यावर जगणारी बोगनवेल सांग; कण्हेरही तशीच, पण विषारी, लहान मुलं असतील तिथे नकोच. लागवड मात्र पावसाळ्यातच. एप्रिलच्या उन्हात रोप जळलं, तर ते घर पुन्हा तुझं ऐकणार नाही.