अपंग उमेदवारावर प्रचारात टीका करायचीच नाही का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : २०१४ साली टेक्सासच्या गव्हर्नरपदासाठी वेंडी डेव्हिस यांनी व्हीलचेअर वापरणाऱ्या ग्रेग अ‍ॅबट यांच्याविरुद्ध एक जाहिरात केली. तिची सुरुवात रिकाम्या व्हीलचेअरने होते. आरोप दुटप्पीपणाचा होता आणि त्याला आधारही होता, मग लोक एवढे का भडकले? अपंगत्व असलं की टीका माफ का?

माफ नाही, मुळीच नाही. पण त्या खुर्चीबद्दल मला बोलायचंय. आधी माझी बाजू उघड करतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवता येईल. माझा डावा पाय पोलिओचा आहे. कॅलिपर आणि कुबडी. आणि मी एकदा आमच्या कामगार संघटनेच्या निवडणुकीला उभा होतो. 'उभा होतो' म्हटलं की जवळचे मित्र अजूनही गालात हसतात. काय करणार, मराठीत निवडणूक बसून लढवता येत नाही. उभा राहिलो आणि पडलो. भाषेने दोन्हीकडून गाठलं.

समोरच्या पॅनेलने पत्रक काढलं होतं. त्यात माझं नाव नव्हतं, पायाचा तर उल्लेखही नव्हता. तळाशी ठळक अक्षरांत एवढंच : 'संघटनेला धावपळ करणारा माणूस हवा!' मी कँटीनमध्ये ते तीनदा वाचलं. लिहिणारा माणूस पलीकडच्याच टेबलावर होता, त्याला जाऊन विचारलं. तो म्हणाला, "अहो, यात तुमचं काय? आम्ही सर्वसाधारण बोललोय." उत्तर चोख होतं. पकडायला कुठे जागाच नव्हती. फक्त आधीच्या तीन निवडणुकांत त्यांच्या पत्रकावर 'अनुभवी नेतृत्व' असायचं. धावपळीची आठवण त्यांना नेमकी माझ्या वेळी झाली.

शिवी परवडते, असं मला तेव्हापासून वाटतं. शिवीला निदान उत्तर देता येतं.

आता टेक्सास. अ‍ॅबट २६ वर्षांचे असताना, १९८४ साली, ह्यूस्टनमध्ये पळायला गेले होते. अंगावर ओकचं झाड कोसळलं आणि कमरेखाली लुळेपणा आला. त्यांनी दावा लावला, तडजोड झाली, मोठी भरपाई मिळाली. पुढे ते न्यायाधीश झाले, मग राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल. जाहिरातीचं म्हणणं असं की, स्वतः भरपाई घेतलेल्या या माणसाने नंतर दुसऱ्या पीडितांच्या विरोधात भूमिका घेतल्या. उदाहरणं तीन होती : पाय कापावा लागलेली बाई कृत्रिम पाय बसवल्यामुळे अपंग ठरत नाही असा युक्तिवाद, एका बलात्कार पीडितेने कंपनीवर लावलेल्या दाव्यात तिच्याविरुद्ध घेतलेली भूमिका, आणि रुग्णांना लुळं करणाऱ्या सर्जनला न रोखणाऱ्या इस्पितळाची बाजू.

हे तिन्ही मुद्दे विचारायलाच हवे होते. अ‍ॅबट यांच्यासारख्या पदावरच्या माणसाला याची उत्तरं द्यावीच लागतात, तो खुर्चीत बसून आलेला असो की घोड्यावरून. पण ती जाहिरात तुम्ही मनातल्या मनात खुर्ची काढून चालवून बघा. एकही आरोप कमी होत नाही. मग खुर्ची कशासाठी होती? ती आरोपांच्या आधी येते, हेच तिचं काम. बघणाऱ्याच्या मनात आधी काहीतरी कालवायचं आणि मग मुद्दा मांडायचा. शिवाय 'झाड पडलं, दावा लावला, लाखो मिळाले' ही वाक्यं अशा चालीत येतात की त्या माणसाला जणू लॉटरीच लागली होती.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो बिनबुडाचा नाही : अ‍ॅबट यांनी स्वतः नाही का खुर्ची वापरली? वापरली. त्याच निवडणुकीतल्या त्यांच्या एका जाहिरातीत ते पार्किंगच्या इमारतीत चढावर हाताने चाकं ढकलत वर वर जातात; अपघातानंतर आपण असा सराव करायचो, दर मजल्याला स्वतःला 'अजून एक' म्हणायचो, असं सांगतात. प्रचार तोही आहे, त्यात भोळेपणा काही नाही. पण त्या चित्रात खुर्चीत माणूस आहे. दुसऱ्या चित्रात माणूस गायब आणि खुर्ची तेवढी शिल्लक. मला फरक सांगायला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत.

टीका झाल्यावर डेव्हिस यांनी जाहिरातीचं समर्थन केलं, तेही अपंग समर्थकांना मंचावर सोबत घेऊन. ती माणसं मनापासून आली असतील, त्यांचं मत त्यांना असणारच. मला मात्र तो मंच बघून आमच्या पॅनेलचा फोटो आठवला. आमच्या लोकांनी माझा जो फोटो निवडला त्यात कुबडी पूर्ण दिसत होती. मी म्हटलं, छातीपर्यंतचा घ्या, बाकी सगळ्यांचा तसाच आहे. तर आमचे पॅनेलप्रमुख म्हणाले, "राहू दे हो, दिसू दे. चार मतं त्याचीपण येतात." आणि मी हो म्हटलं. हे लपवत नाही. धावपळीच्या पत्रकावर मी महिनाभर चिडलो होतो, पण या फोटोची आठवण आजही जास्त बोचते.

डेव्हिस सुमारे २० टक्क्यांच्या फरकाने हरल्या. ते त्या जाहिरातीमुळे, असं म्हणणं मात्र सोपं होईल. टेक्सासमध्ये १९९४ नंतर राज्यव्यापी निवडणूक त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाने जिंकलेलीच नव्हती.

असं बोलताना कॅनडाचं उदाहरण हटकून दिलं जातं. १९९३ची निवडणूक. विरोधी लिबरल पक्षाचे नेते जाँ क्रेतिएन यांच्या चेहऱ्याची एक बाजू लहानपणच्या बेल्स पाल्सीमुळे लुळी होती. सत्ताधारी प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने जाहिरात काढली : त्यांच्या चेहऱ्याचे जवळून घेतलेले फोटो, वर लोकांचे आवाज, हा पंतप्रधान झाला तर मला लाज वाटेल वगैरे. जाहिरातीचं समर्थन करणाऱ्यांचं म्हणणं असं की, शब्द तर धोरणांबद्दलच आहेत. म्हणजे पुन्हा तेच. शब्द धुतलेले, काम चित्राकडून करून घेतलेलं. पंतप्रधान किम कॅम्पबेल यांना ती जाहिरात मागे घ्यावी लागली. क्रेतिएन म्हणाले, देवाने मला हे व्यंग दिलं आणि लहानपणापासून मी ते स्वीकारलंय. मी तोंडाच्या एकाच बाजूने बोलतो हे खरं, पण मी टोरी (म्हणजे त्या सत्ताधारी पक्षाचा) नाही, दोन्ही बाजूंनी बोलत नाही. आपल्या 'दुतोंडी'चाच हा कॅनडातला चुलतभाऊ. सत्ताधारी पक्ष २ जागांवर आला. ही गोष्ट सांगून लोक म्हणतात, बघा, चेष्टा करणाऱ्यावरच उलटते. मला तेवढी खात्री नाही. तो पक्ष तसाही बुडतच होता. आणि प्रत्येकाला क्रेतिएन यांच्यासारखी हजरजबाबी जीभ नसते. ती असावी अशी अट तरी का?

तुम्ही प्रश्नात विचारलं नाहीये, पण खरी अडचण यापुढची आहे : उमेदवार काम करू शकेल का, हे मतदाराने विचारायचं की नाही? विचारायचं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांना १९२१ साली पोलिओ झाला, १९२८ साली ते न्यूयॉर्कच्या गव्हर्नरपदाला उभे होते, तेव्हा हा प्रश्न आलाच. तेव्हाचे गव्हर्नर अल स्मिथ यांनी दिलेलं उत्तर मला फार आवडतं : गव्हर्नरला कसरतपटू असावं लागत नाही, कोलांटी उडी मारता येते म्हणून आपण त्याला निवडत नाही. यात दया नाही आणि गौरवगानही नाही. फक्त कामाचं स्वरूप काय, एवढंच सांगितलंय.

पेनसिल्व्हेनियात २०२२ साली जॉन फेटरमन यांना सिनेटच्या प्रचारात स्ट्रोक आला. त्यांना ऐकलेलं नीट उमगायला त्रास व्हायचा, म्हणून ऑक्टोबरमधल्या वादचर्चेत समोर पडद्यावर प्रश्नांची अक्षरं उमटत होती. ते अडखळले, शब्द चुकले, सगळ्यांनी बघितलं. त्यांच्या तब्येतीचे कागद मागणं, डॉक्टर काय म्हणतात हे विचारणं यात गैर काही नव्हतं. पण प्रतिस्पर्धी मेहमेत ऑझ यांच्या प्रचारातून त्याआधी एक वाक्य आलं होतं : फेटरमन यांनी आयुष्यात कधी भाजी खाल्ली असती तर कदाचित स्ट्रोक आला नसता. यातून मतदाराला कामाबद्दल काय कळलं? काहीच नाही. आणि पडद्यावरच्या अक्षरांवर जे हसले त्यांच्यातल्या निम्म्यांच्या नाकावर चष्मा असेल, ही माझी पुणेरी नसलेली पण तिरकस टीप.

आपल्याकडचं म्हणाल तर डिसेंबर २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने पक्षांना सूचना काढल्या : भाषणात, लेखात, प्रचारात मुका, वेडा, आंधळा, बहिरा, लंगडा, लुळा अशा जातीचे शब्द वापरू नका, प्रचाराचं साहित्य पक्षातच आधी तपासा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ९२ तर आणखी कडक आहे. चारचौघांत अपमानाच्या हेतूने दिव्यांग व्यक्तीचा पाणउतारा केला तर सहा महिने ते पाच वर्षं कैद. चांगलंच आहे. पण यातला कुठलाही नियम 'धावपळ करणारा माणूस हवा'ला लागू होत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. आणि शब्दांचं म्हणाल तर मीही 'आंधळं दळतं' सर्रास म्हणतो, 'लंगडी सबब' म्हणतो. तोंडातून गेल्यावर कुबडीकडे बघतो. सरकारला 'बहिरं' म्हणणारे बहुतेक जण कुणा कर्णबधिराला दुखवायला निघालेले नसतात. तरी ऐकणाऱ्यांत तो बसलेला असतोच.

शेवटी तुमच्या त्या 'टीका माफ का'चं, म्हणजे अपंगत्वाचं टीकेविरुद्ध चिलखत करायचं का, त्याचं. आमच्या त्या निवडणुकीत गेटसभेला एक तरुण कामगार उठला. आधीच्या वर्षी करारावर सही करणाऱ्यांत मी होतो आणि त्या करारात रात्रपाळीचा भत्ता गेला होता. त्याने करारातली कलमं पाठ केली होती. "साहेब, तुम्ही वाचून सही केली की न वाचता?" सात-आठ मिनिटं त्याने मला सोलून काढलं. आमच्यातला एकजण मध्ये पडून म्हणाला, "अरे, त्यांच्याकडे बघून तरी बोल जरा." तो पोरगा म्हणाला, "त्यांच्याकडेच बघतोय की." आणि खरंच, तो माझ्या डोळ्यांत बघत होता. वाचून सही केली होती, असं मी सांगितलं. त्याचं मत मला मिळालं नसणार.