वाचकांचे प्रश्न : झोपाळ्याला पावसाची झड

प्रश्न : दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओसरीत सागवानी झोपाळा आहे. मेण चोळलं, तरी पाटाच्या कडा काळ्या पडून चिरल्या. काय करावं? – एक वाचक, वडोदरा

उत्तर : मेण थेंब अडवतं, दमटपणा अडवत नाही. त्यातून पाटाच्या दोन्ही टोकांना लाकडातल्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी असतात; पाणी मुख्यतः तिथूनच शिरतं. बहुतेक जण वरची बाजू चकचकीत करतात आणि टोकांना काहीच लावत नाहीत!

काम मे महिन्यात, पण सावलीत करा. जुनं मेण टर्पेंटाइनच्या फडक्याने पूर्ण काढा, नाहीतर तेल आत जाणार नाही. १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. मग बॉइल्ड अळशीचं तेल (रंगाच्या दुकानातलं, लवकर सुकणारं; खायचं नव्हे) आणि टर्पेंटाइन समभाग मिसळून पहिला हात द्या. टोकांवर, पिणं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा लावा. अर्ध्या तासाने उरलेलं तेल पुसा. राहिलं तर चिकट थर बसतो नि धूळ धरतो. चोवीस तासांच्या अंतराने नुसत्या तेलाचे आणखी दोन हात. तेलकट फडक्यांचा बोळा कधीही ठेवू नका, तो आपोआप पेटू शकतो. पाण्यात बुडवा.

आठवड्याने मेण : १०० ग्रॅम मधमाश्यांचं मेण गरम पाण्यातल्या भांड्यात वितळवा, गॅस बंद करून, ज्योतीपासून लांब नेऊन ४०० मिली टर्पेंटाइन घाला. पातळ लावा, घोटा.

काळेपणा कड्यांच्या बोल्टांभोवतीच असेल, तर दोष लोखंडाचा. पितळी बोल्ट घाला.