दारव्ह्याहून मालवणपर्यंत स्वतःच्या गाडीने : मे महिन्यातील प्रवासाविषयी

आपण विचारले आहे की, २० मेला दारव्ह्याहून निघून दोघांनीच आपल्या लहान गाडीने समृद्धी महामार्गाने मुंबई गाठावी, तेथून अलिबाग ते मालवण किनाऱ्याकिनाऱ्याने जावे आणि कोल्हापूर व पुणे पाहून नवव्या दिवशी घरी परतावे, हे जमण्यासारखे आहे काय. मी दिग्रसकडचा शेतकरी आहे आणि हाच फेरा सौ.सह तीनदा केला आहे. आपला बेत चांगला आहे, परंतु तारीख चुकली आहे आणि एक दिवस कमी पडतो.

मृगाच्या आत परत यायचे, या हिशेबाने आपण २० मे धरली असावी. आपल्याकडे पेरणीचा विचार केल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. मात्र समुद्राचे वेळापत्रक आपल्या मृगापेक्षा आधी संपते. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात किनाऱ्यावरील प्रवासी होड्या पावसाळ्यासाठी बंद होऊ लागतात आणि मग जंजिरा व सिंधुदुर्ग हे दोन्ही किल्ले काठावरून पाहून परतावे लागते. वादळांचा काळही हाच आहे : तौक्ते चक्रीवादळ मे २०२१ मध्ये कोकण किनाऱ्याजवळून गेले आणि निसर्ग वादळ ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. म्हणून ८ किंवा १० मेला निघा. घरी परतल्यावर वावराच्या मशागतीला आणि बियाण्याच्या खरेदीला पुरेसे दिवस उरतील.

कारंजा (लाड) येथून समृद्धीवर चढलात की भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत सुमारे साडेपाचशे किलोमीटरचा एकसारखा सिमेंटचा रस्ता आहे, आणि हा एकसारखेपणाच त्याचा धोका आहे. चालकाचे डोळे उघडे राहतात, परंतु लक्ष हरवते. त्यामुळे दर दोन तासांनी खाली उतरून चार पावले चाला. मे महिन्यात काँक्रीट तापलेले असते, म्हणून टायर जुने असल्यास निघण्यापूर्वीच बदला आणि हवा पहाटे, टायर थंड असताना, कंपनीने सांगितलेल्या मापानेच भरून घ्या. कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर असली तरी लहान गाडी शंभरच्या आत ठेवणे मला योग्य वाटते. पहाटे पाचला निघून, भाकर आणि झुणका बांधून घेऊन, दिवसाउजेडी ठाण्यात मुक्काम करा.

वहिनींना मुंबई पाहायची आहे, तर एक पूर्ण दिवस द्या. मात्र गाडी ठाण्यातच उभी ठेवून सकाळी अकरानंतरच्या लोकलने जा. दुसऱ्या दिवशी अगदी पहाटे पूर्व मुक्त मार्गाने भाऊच्या धक्क्यावर पोहोचा आणि गाडीसह रो-रो बोटीत चढून मांडव्याला उतरा. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली असून सुमारे तासाभरात पलीकडे नेते. तिकीट आधी काढावे आणि शनिवार-रविवार टाळावा, कारण त्या दिवशी सगळी मुंबई अलिबागला निघते. अटल सेतूवरून पेणमार्गेही जाता येते. परंतु ज्याने आयुष्यभर गाडी केवळ मातीवर आणि डांबरावर चालवली, त्याने ती एकदा पाण्यावर न्यावी, असे माझे मत आहे.

आता मुख्य मुद्दा. आपण नकाशावर किलोमीटर मोजून किनाऱ्याला तीन दिवस दिले आहेत. दारव्हा ते यवतमाळ जसे तासाभरात होते, तसा हिशेब तेथे चालत नाही, कारण दर काही कोसांवर खाडी आडवी येते आणि समोरचे गाव डोळ्यांना दिसत असूनही तेथे पोहोचण्यास अर्धा दिवस लागू शकतो. मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत चार ठिकाणी गाडी फेरीबोटीत घालावी लागते : आगरदांडा ते दिघी, वेश्वी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. दाभोळची फेरी काही मिनिटांची आहे; पण ती चुकली तर वाशिष्ठी ओलांडण्यासाठी चिपळूणचा मोठा वळसा घ्यावा लागतो. आम्ही पहिल्या वर्षी हर्णैच्या बंदरावर संध्याकाळचा माशांचा लिलाव पाहत रमलो, शेवटच्या फेरीला मुकलो आणि दापोलीच्या घाटवळणांतून रात्री निमूटपणे चिपळूण गाठले. म्हणून मुरूड, हर्णै, गणपतीपुळे असे एकेक मुक्काम, त्यानंतर मालवणला दोन रात्री ठेवा आणि नवाचे दहा दिवस करा. पुणे पाहण्याचा विचार सोडून द्या. परतीच्या वाटेवर तेथे फक्त रात्र काढा.

आणखी एक चूक आपल्याकडचे लोक हमखास करतात आणि मीही केली. घरी ४५ अंश सोसणाऱ्याला तेथील ३३-३४ अंश म्हणजे हिवाळाच, असे समजून मी वातानुकूलित खोली नाकारली आणि कूलर मागितला. खोलीवाला हसला. कूलर हवा कोरडी असेल तरच गारवा देतो. तेथील हवा आधीच पाण्याने भरलेली असल्याने त्याने खोली केवळ अधिक दमट झाली आणि सौ. रात्रभर अंगणात बसून राहिली. तेव्हा खोलीच्या भाड्यात काटकसर करू नका.

समुद्रात उतरण्यापूर्वी घरच्या पंचांगाचा उपयोग करा. कोकणातील माणसे तिथीची पाऊणपट करून पूर्ण भरतीची वेळ काढतात : पंचमीला पावणेचारच्या, अष्टमीला सहाच्या सुमारास आणि पुन्हा सुमारे साडेबारा तासांनी. अंदाज थोडा मागेपुढे होतो, परंतु पाणी चढते आहे की उतरते आहे एवढे नक्की कळते. ओहोटीचे पाणी पाय आत ओढते. त्या वेळी गुडघ्यापलीकडे जाऊ नये. गाडी वाळूवर तर कधीच नेऊ नये. ओली वाळू कठीण दिसते आणि चाक थांबताच खचते.

सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये केली. तटबंदी पाहण्यासारखी आहेच, परंतु दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तिथल्या विहिरी मात्र आवर्जून पाहा : चोहोबाजूंनी खारे पाणी आणि आत गोडे. माझी सासुरवाडी दर्यापूरकडची, म्हणजे खारपाणपट्ट्यातली. सौ. त्या विहिरीत वाकून पाहत बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "आमच्या बाबाच्या वावरातली इहीर खारी अन् समुद्रातली गोड, हे कसं काय बाप्पा?" मला उत्तर देता आले नाही.

परतताना कणकवलीहून फोंडा घाटाने राधानगरीमार्गे कोल्हापूरला या. आपल्याला सपाट रस्त्याची सवय असल्याने एवढे लक्षात ठेवा की घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरावा आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. कोल्हापुरात अंबाबाईचे दर्शन घेऊन, तांबडा-पांढरा रस्सा जेवून पुण्याकडे निघा. तेथून अहिल्यानगरमार्गे छत्रपती संभाजीनगरजवळ समृद्धीवर चढता येते.

मालवणला जाताना देवगड वाटेत लागते. तेथे हापूसची पेटी घेण्याचा मोह होईल, पण मुक्कामाचे दिवस शिल्लक असल्याने फळ कच्चेच मागा. पेटी डिकीत ठेवू नका. बंद डिकीत जालन्यापुढच्या उन्हात आंबा पिकत नाही, शिजतो. आमची पहिली पेटी तशीच वाया गेली. मागच्या आसनावर, गवतासकट, झाकण थोडे उघडे ठेवून आणलेली दुसरी पेटी शेजाऱ्यांना वाटूनही उरली.