रीड-राइटचा माग काढत अभ्यास : स्टोरेज सर्टिफिकेशनबद्दल वाचकांचे प्रश्न

कंपन्यांचा डेटा साठवणाऱ्या यंत्रणांच्या, म्हणजे स्टोरेजच्या, सर्टिफिकेशन परीक्षांबद्दल गेल्या काही दिवसांत बरेच प्रश्न आले. बहुतेकांचा सूर 'काय पाठ करू?' असा होता. माझा आग्रह वेगळा आहे. ॲप्लिकेशनने केलेला एक राइट सर्व्हरमधून निघून डिस्कपर्यंत कसा पोहोचतो आणि त्याची पोच परत कशी येते, हा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहिला पाहिजे. परीक्षेतला जवळपास प्रत्येक प्रश्न याच वाटेवरच्या कुठल्या तरी थांब्यावरचा असतो.

प्रश्न : हिंजवडीतल्या एका कंपनीत बॅकअप टीममध्ये एल-1 ला (पहिल्या पातळीच्या सपोर्टला) आहे. स्टोरेज टीममध्ये जायचंय. नेटॲप या स्टोरेज कंपनीची एनसीडीए परीक्षा द्यावी, डेलची आयएसएम की आणखी कुठली?

उत्तर : तुमच्या क्लायंटच्या डेटा सेंटरमध्ये जो ॲरे (अनेक डिस्क आणि त्यांचे कंट्रोलर असलेला स्टोरेज बॉक्स) उभा आहे, त्याची द्या. नेटॲप असेल तर एनसीडीए. अभ्यासात वाचलेला ॲग्रिगेट (डिस्कचा एकत्र साठा), एसव्हीएम (व्हर्च्युअल स्टोरेज सर्व्हर) किंवा लिफ (त्याचा नेटवर्क पत्ता) दुसऱ्या दिवशी तिकिटात दिसला की तो विसरत नाही. हाताशी ठरावीक बॉक्सच नसेल, तर डेलची इन्फर्मेशन स्टोरेज अँड मॅनेजमेंट (आयएसएम) बरी. तिचा भर एका प्रॉडक्टपेक्षा सॅन (नेटवर्कवरून डिस्क देणं), नॅस (नेटवर्कवरून फाइल देणं), ऑब्जेक्ट स्टोरेज, बॅकअप, रेप्लिकेशन (डेटाची प्रत दुसऱ्या ठिकाणी ठेवत राहणं) या पायाभूत गोष्टींवर आहे. जुन्या याद्यांमध्ये कॉम्पटियाची स्टोरेज प्लस अजून दिसते. ती परीक्षा बंद झाली आहे, तिच्या मागे लागू नका.

तुम्ही बॅकअपमधून येताय, म्हणजे आरपीओ (किती वेळचा डेटा गमावला तर चालेल), आरटीओ (किती वेळात काम पुन्हा सुरू व्हायला हवं), डीडुप (सारखा डेटा एकदाच ठेवणं) हे तुमच्या बोलण्यातलेच शब्द. तुमचा वेळ फायबर चॅनेल (सर्व्हर आणि ॲरे जोडणारं खास नेटवर्क) आणि झोनिंगला (त्यात कोण कोणाला दिसेल ते ठरवण्याला) द्या. आणि अभ्यास सुरू करण्याआधी परीक्षेचा कोड तपासा. व्हर्जन बदललं की कोड बदलतो. मित्राकडून आलेल्या नोट्स मागच्या कोडच्या असतील तर निम्मी मेहनत वाया जाते.

प्रश्न : मी नाशिकची, बीसीए झालंय. घरी सॅन नाही, क्लासच्या लॅबची फी परवडत नाही. प्रॅक्टिस कशी करू?

उत्तर : 16 जीबी रॅमचा लॅपटॉप असेल तर खूप काही घरीच होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये लिनक्सची दोन मशीन उभी करा. पहिल्यावर एलआयओ टार्गेट (डिस्क देणारं सॉफ्टवेअर) बसवा आणि 10 जीबीची एक फाइल लन (नेटवर्कवरून दिलेली डिस्क) म्हणून द्या. दुसऱ्यावर ओपन-आयस्कझी बसवा, ते आयस्कझीने, म्हणजे साध्या नेटवर्कवरून, ती डिस्क घेतं. दोन्ही मशीनना दोन-दोन नेटवर्क कार्ड द्या, वेगवेगळ्या सबनेटमध्ये. दोन्ही पत्त्यांवर लॉगिन केलं की दुसऱ्या मशीनवर 10 जीबीच्या दोन डिस्क दिसतील.

इथे घाई करू नका. लन तर एकच दिला होता, मग डिस्क दोन कशा? दोन्हींचा डब्ल्यूडब्ल्यूआयडी (डिस्कचा एकमेव ओळख क्रमांक) काढून बघा, अक्षर न् अक्षर सारखा निघेल. म्हणजे डिस्क एकच आहे, तिच्याकडे जाणाऱ्या वाटा दोन आहेत. मल्टिपाथ हाच नंबर बघून दोन्ही वाटा एका नावाखाली आणतो. आता त्या एकत्र डिस्कवर फाइल सिस्टिम बनवा, मोठी फाइल कॉपीला लावा आणि कॉपी चालू असताना एक नेटवर्क कार्ड बंद करा. कॉपी थोडी अडेल आणि दुसऱ्या वाटेने पुढे सरकेल. किती सेकंद अडली ते लिहून ठेवा. ओपन-आयस्कझीच्या सेटिंगमध्ये रिप्लेसमेंट टाइमआउट 120 सेकंद लिहिलेला सापडेल. मल्टिपाथ असताना तो 5 सेकंदांपर्यंत खाली आणतात, कारण दुसरी वाट तयार असताना मेलेल्या वाटेवर दोन मिनिटं थांबण्यात अर्थ नसतो. हे एकदा स्वतः पाहिलंत की मल्टिपाथिंगवरच्या प्रश्नात पर्याय वाचायच्या आधीच उत्तर सुचतं.

एनसीडीए द्यायची असेल तर ओएनटॅपचा (नेटॲपच्या ॲरेवर चालणाऱ्या सिस्टिमचा) सिम्युलेटर मिळवा. त्यात व्हॉल्यूम, स्नॅपशॉट, एनएफएस, आयस्कझी सगळं करता येतं. फायबर चॅनेल मात्र त्यात चालत नाही, त्यासाठी कागद-पेनच घ्या. एक सर्व्हर, एचबीएचे (फायबर चॅनेल कार्डचे) दोन पोर्ट, दोन स्विच, ॲरेचे दोन कंट्रोलर असं चित्र काढा. दोन्ही स्विच म्हणजे दोन वेगळी फॅब्रिक (स्वतंत्र जाळी), त्यांना एकमेकांना जोडू नका. मग प्रत्येक झोनमध्ये एकच इनिशिएटर (सर्व्हरचा पोर्ट) ठेवून झोन लिहून काढा.

त्याच कागदावर हा नेहमीचा प्रश्न सोडवा : सर्व्हरला लन दिसत नाही, कुठे बघाल? वाटेच्या क्रमाने चला. केबल आणि पोर्ट वर आहे का? सर्व्हरचा पोर्ट स्विचवर लॉगिन झाला का? त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (पोर्टचा ओळख क्रमांक) झोनमध्ये बरोबर टाकलाय का? झोन असलेलं कॉन्फिग एनेबल केलंय का, की नुसतं सेव्ह केलंय? ब्रोकेडच्या स्विचवर या दोन वेगळ्या कमांड आहेत आणि परीक्षा घेणाऱ्यांना हा फरक फार आवडतो. पुढे ॲरेवर आयग्रुपमध्ये (लन कोणाला द्यायचा त्या यादीत) तोच डब्ल्यूडब्ल्यूपीएन आहे का, लन मॅप झालाय का, आणि शेवटी सर्व्हरवर रीस्कॅन केलं का? हा क्रम हातात बसला की सिनारिओ प्रश्नांची भीती उरत नाही.

प्रश्न : रेडची (डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा म्हणून अनेक डिस्क एकत्र बांधण्याची) गणितं दरवेळी चुकतात. 'किती डिस्क लागतील' हा प्रश्न आला की सोडूनच देतो. (नागपूर)

उत्तर : सोडू नका, हे हमखास मिळणारे मार्क आहेत. एक गणित पूर्ण करू. ॲप्लिकेशनला 5,000 आयॉप्स (सेकंदाला होणारे रीड-राइट) हवेत, 70 टक्के रीड, 30 टक्के राइट. एक डिस्क 180 आयॉप्स देते.

म्हणजे रीड 3,500 आणि राइट 1,500. रीडला दंड (डिस्कवर पडणारं जादा काम) नाही. राइटला आहे, आणि तो का आहे हे समजून घ्या. रेड 5 मध्ये लहानसा राइट करायचा तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत काढण्यासाठी ठेवलेला हिशेब) वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा. एका राइटची चार कामं. रेड 6 मध्ये पॅरिटी दोन, म्हणून तीन वाचनं आणि तीन लेखनं, एकूण सहा. रेड 10 मध्ये दोन प्रती, म्हणून दोन.

आता रेड 5 : 3,500 अधिक 1,500 गुणिले 4, म्हणजे 9,500. भागिले 180 केलं की 52.8, म्हणजे 53 डिस्क. रेड 6 ला 12,500 आयॉप्स, 70 डिस्क. रेड 10 ला 6,500, म्हणजे 36.1. इथे बरेच जण 37 लिहितात, पण मिररला जोडी लागते, म्हणून 38. त्यानंतर क्षमतेचं गणित वेगळं करा आणि दोन्हींतला मोठा आकडा घ्या. बहुतेकांची चूक या शेवटच्या पायरीवर होते.

नेटॲपच्या परीक्षेला जाणाऱ्यांनी एक भान ठेवावं. तिथे वाफल (नेटॲपची फाइल सिस्टिम) राइट आधी मेमरीत गोळा करतं, एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) नोंद ठेवतं आणि शक्यतो पूर्ण स्ट्राइप (सगळ्या डिस्कवर पसरलेला एक पट्टा) एकदम लिहितं. त्यामुळे वरचा दंड तिथे जसाच्या तसा लावू नका.

प्रश्न : सिंक्रोनस आणि असिंक्रोनस रेप्लिकेशनची व्याख्या पाठ आहे, तरी कुठे कुठलं वापरायचं ते ठरवता येत नाही. (ठाणे)

उत्तर : अंतर मोजा. फायबरमध्ये प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण 5 मायक्रोसेकंद लागतात. सिंक्रोनसमध्ये पलीकडची पोच आल्याशिवाय ॲप्लिकेशनला 'झालं' असं सांगत नाहीत, म्हणून जाणं-येणं दोन्ही धरा. मुंबई ते पुणे 150 किलोमीटर फायबर धरली तर 1.5 मिलिसेकंद. मुंबई ते चेन्नई 1,300 धरली तर 13 मिलिसेकंद, तेही मधल्या उपकरणांचा वेळ न धरता, आणि प्रत्येक राइटला. बँकेच्या डेटाबेसला पहिला आकडा झेपेल, दुसरा नाही. म्हणून एकही व्यवहार हरवू नये यासाठीची प्रत जवळ ठेवतात आणि भूकंप-पुरासाठीची लांब, असिंक्रोनस. प्रश्नात 'आरपीओ शून्य' दिसलं की सिंक्रोनस समजा, आणि लगेच अंतर काय दिलंय ते शोधा.

प्रश्न : टीममधले सगळे डम्प्स पाठ करून पास होतात. मीच मूर्ख ठरतोय का?

उत्तर : अजिबात नाही. डम्प म्हणजे परीक्षेतून चोरलेले प्रश्न, आणि परीक्षेआधी आपण मान्य करतो त्या करारात हेच निषिद्ध असतं. उघड झालं तर सर्टिफिकेट रद्द होतं. शिवाय त्यातली बरीच उत्तरं चुकीची असतात. मी मुलाखती घेतो तेव्हा सर्टिफिकेटवर फार रेंगाळत नाही. बोर्डवर सर्व्हर आणि ॲरे काढतो आणि विचारतो, एक वाट तुटली, पुढे काय होईल? पाठांतर करून आलेला उमेदवार तिथे गप्प होतो, आणि त्याच्यासाठी मला मनापासून वाईट वाटतं, कारण तेवढ्याच वेळात त्याला हे खरं शिकता आलं असतं. रात्री दोनला प्रॉडक्शनचा लन गायब होतो तेव्हा पर्याय अ, ब, क, ड कुणी देत नाही.

प्रश्न : सगळं क्लाउडवर चाललंय. आता स्टोरेज शिकण्यात अर्थ आहे का? (कोल्हापूर)

उत्तर : आहे. ॲमेझॉनने 2021 मध्ये एफएसएक्स फॉर नेटॲप ओएनटॅप आणलं, अझुरवर त्याआधीपासून नेटॲप फाइल्स आहे. आत तेच व्हॉल्यूम आणि तेच स्नॅपशॉट. क्लाउडवर डिस्क घेतानाही आयॉप्स आणि थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा जाईल) निवडावेच लागतात.

प्रश्न : मराठी माध्यमातून शिकले. इंग्रजी प्रश्न वाचण्यात वेळ जातो. परीक्षेच्या दिवशी काय सांभाळू? (सोलापूर)

उत्तर : प्रश्नाचं शेवटचं वाक्य आधी वाचा. काय विचारलंय ते तिथे असतं, मग वरची गोष्ट त्या नजरेने वाचता येते. 'नाही', 'सोडून', 'सर्वात योग्य' आणि 'दोन निवडा' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर डोळा ठेवा. अडलेला शब्द स्निआ या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेच्या स्टोरेज डिक्शनरीत बघा, ती मोफत आहे. व्याख्या वाचून झाली की ती मराठीत स्वतःला मोठ्याने समजावून सांगा.

परीक्षेच्या खोलीत स्वतःचा कॅल्क्युलेटर किंवा मोबाइल नेता येत नाही, तेव्हा वरची रेडची गणितं हातानेच करायची सवय लावा. आणि नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच घाला. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव असतं, लग्नानंतर आडनाव बदललेलं असतं, पासपोर्टवर एक आणि आधारवर दुसरं. नाव आणि आडनाव जुळलं नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. दुरुस्ती करायची असेल तर काही दिवस आधीच परीक्षा घेणाऱ्या संस्थेला कळवा.