स्कीइंगच्या कॉमेंट्रीत स्विच, कॉर्क, १६२० असलं काय काय बोलतात, त्याचा अर्थ काय?
आकडे सगळ्यात सोपे, हवेत जेवढे डिग्री फिरला तो आकडा. ३६० म्हणजे एक गिरकी, आणि २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकला चीनच्या स्कीपटू आयलीन गूने बिग एअरमध्ये (मोठ्या रॅम्पवरून उडी मारायची स्पर्धा) जो डबल कॉर्क १६२० मारला त्यात साडेचार. आता ती वरची अर्धी आली की माणूस उलटा उतरतो, पाठ उताराकडे, त्यालाच स्विच म्हणतात. म्हणून तर ह्या उड्यांच्या स्की मागूनही वर वळलेल्या असतात (ट्विन टिप), साधी स्की मागे चपटी, उलटं उतरलात की बर्फात रुतलीच समजा. कॉर्क म्हणजे तिरकं होऊन फिरणं, डबल म्हणजे ते दोनदा. ग्रॅब म्हणजे हवेत स्की हाताने धरणं, नुसतं शिवून सोडलं तर त्याला कोणी भाव देत नाही. किकर हा उडीचा बर्फाचा रॅम्प, रेल म्हणजे घसरायचा लोखंडी पाइप. माझा आवडता शब्द यार्ड सेल, असा आपटलात की स्की, पोल, गॉगल सगळं उतारभर पसरलेलं!

आणि बाइंडिंगचा (बूट स्कीला धरून ठेवणारी पकड) डिन आकडा, म्हणजे ती किती जोर आल्यावर सुटेल तो, दुकानातूनच वजन-उंची सांगून लावून घ्या, उगाच घट्ट केलात तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा जातो.